तानूआत्या आणि माझे दोन कागद

माझ्या हातून झालेल्या चुका मी एरवी चवीनं सांगतो. मित्राच्या लग्नाला म्हणून निघालो आणि भलत्याच मांडवात जेवून, वर नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन आलो, ही एक. साहेबाला वाकून सलाम करताना हातातली शाईची दौत त्याच्या पांढऱ्या विजारीवर उपडी केली, ही दुसरी. अशा दहा-बारा आहेत. लोक हसतात, आणखी एक चहा पुढं येतो, माझी संध्याकाळ बरी जाते. एक चूक मात्र मी कुठल्याच बैठकीत काढत नाही. ती सांगायची तर तानूआत्याबद्दल सांगावं लागतं. आणि तानूआत्याबद्दल बोलायला लागलो की ती चूक गाळून पुढं सरकता येत नाही. पुष्कळदा सरकून पाहिलं. आज नाही सरकत.

तानूआत्या पिंपळे गुरवची सुईण. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती साठीच्या आसपास असावी. तिचं वय तिला माहीत नव्हतं आणि विचारणाऱ्याची ती फजिती करायची. "तुला सोयरीक आनायची हाय का माजी?" म्हणायची. उंच, वाळलेली, चालताना पुढं झुकलेली. कपाळ मोकळं. लुगड्याचा काष्टा असा घट्ट की पवनेला गुडघाभर पाणी असलं तर नावेची वाट न बघता सरळ नदीत उतरायची आणि अलीकडे दापोडीच्या बाजूला निघायची. तेव्हा आमच्या भागात कारखाने नुकते उभे राहत होते. दापोडीच्या पुढं रुळांच्या कडेला पंप बनवणारा एक नवा कारखाना निघाला होता आणि त्याच्या मागं कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा बांधल्या होत्या. मी तिथं वेल्फेअर खात्यात कारकून. रत्नागिरीकडून आलेला, मॅट्रिक पास, इंग्रजी चांगलं असल्याबद्दल स्वतःवर खूष. कामगार मला भाऊसाहेब म्हणत. तानूआत्या मला कारकून म्हणायची, आणि ते अशा सुरात, की तो काही तरी लहानपणीच होऊन जायला हवा असलेला आजार आहे.

नव्यानं जन्मलेल्या मुलाच्या घरी कुणीही गेलं की आधी तोंड बघतो. कुणावर गेलंय, नाक कुणाचं, रंग कुणाचा. तानूआत्या मुलाकडं बघायचीच नाही. ती अंथरूण बघायची. मुलाला आईच्या मांडीवर द्यायची, आणि स्वतः गुडघे टेकून त्या अंथरुणावर नाक खाली घालून पालथी पडायची. साठीची बाई, ढुंगण वर, तोंड गोधडीत. चार-पाच श्वास घ्यायची. मग उठून म्हणायची, "काडा ही." किंवा, "ऱ्हाऊ द्या." बायका पदराआड हसायच्या. सासवा चिडायच्या. पण नवी कापसाची मऊ गादी, मोहरीची उशी, आजीनं हौसेनं शिवलेली सात पदरांची गोधडी, एकामागोमाग एक बाहेर पडायची. शेवटी चटईवर दुहेरी जुनेर उरायचं, आणि त्यावर ते मूल उताणं.

"त्वांड उगडं, प्वाट झाकल्यालं," हे तिचं पालुपद. आणि मुलाला आईच्या शेजारी, पण वेगळ्या जुनेरावर. "कुशीत पाज, मंग बाजूला ठिव. दमल्याली बाई आन् मेल्यालं मानूस, दोगांस्नी कूस बदलल्याली कळत न्हाई."

माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी ती आमच्याकडं आली. बायकोच्या बाळंतपणाला चिपळूणहून तिची मावशी आली होती आणि मावशींनी खोली अशी बंद केली होती की आत उजेडालासुद्धा विचारून यावं लागे. खिडकीला घोंगडी, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि वावडिंगाची धुरी, मुलीच्या डोक्याला टोपडं, टोपड्यावर कुंची, अंगावर तीन दुपटी. वैशाख होता. तानूआत्यानं दारातच नाक मुरडलं आणि घोंगडी ओढून काढली.

"अहो, वारं लागेल पोरीला!" मावशी ओरडल्या.

"वारं लागून मेल्यालं पोर मला दाव. धुरानं घुसमटल्याली म्या दावती."

इथं मी शहाणपणा केला. मी तिला समजावून सांगितलं की नवजात अर्भकाच्या शरीरास उष्णतेची आवश्यकता असते. 'अर्भक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कारकुना, आत यिऊन बस घटकाभर," म्हणाली आणि घोंगडी पुन्हा लावली, दार ओढून घेतलं. मी इरेला पडून बसलो. किती वेळ बसलो सांगता येत नाही, पण घटका नक्की नव्हती. बाहेर आलो तेव्हा डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या आणि मी अंगणातल्या पिंपात डोकं घातलं होतं. तानूआत्या वर उभी राहून म्हणाली, "तुला दार उगडाया हात तरी हायेत."

त्या दिवसापासून आमच्या घरी मावशींचं राज्य संपलं. माझी मुलगी चटईवर, उताणी, उघड्या खिडकीखाली वाढली. हे नीट लक्षात ठेवावं अशी विनंती आहे. पुढं मला ते लक्षात ठेवावं लागलं.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटायची. आमच्या खोल्यांत काय किंवा गावात काय, झोपेत मूल जायचं. ताप नाही, खोकला नाही. सकाळी हसत होतं, दुपारी उठलंच नाही. असं झालं की ज्याला त्याला कारण माहीत असायचं. सटवीनं नेलं. नजर लागली. आईनं अंगाखाली घेतलं. दूध घशात गेलं. अमुक दिवशी न्हाऊ घातलं. तानूआत्या एकटी अशी होती की तिला विचारलं तर म्हणायची, "म्या न्हाई जानत." जिनं उभा जन्म मुलं हातात झेलण्यात घालवला ती म्हणायची मला माहीत नाही, आणि जिनं दोन वर्षांत फक्त शेजारचं पोर खेळवलं होतं ती शपथेवर कारण सांगायची. दापोडीत एका घरी सासूनं तिला भर माणसांत विचारलं, "सांग की आत्या, हिनंच अंगाखाली घेटलं न्हवं?" तानूआत्यानं विचारलं, "तू बगितलंस?" "न्हाई." "मग म्या बी न्हाई. गप ऱ्हा."

आणि अशा घरी ती तिसऱ्या दिवशी जायची. पहिल्या दिवशी सगळे असतात. तिसऱ्या दिवशी कुणी नसतं आणि बाईचं दूध थांबलेलं नसतं. मूल नदीकाठी पुरून आलेले पुरुष कामावर गेलेले असतात, आणि ती कोपऱ्यात चोळी भिजवत बसलेली असते. तानूआत्या जुन्या धोतराच्या रुंद पट्ट्या घेऊन जायची, छाती आवळून बांधायची, आणि बांधता बांधता एवढंच म्हणायची, "तू काय केलं न्हाईस." हे तिला कसं माहीत, असं मी एकदा विचारलं. "म्या न्हाई जानत म्हनती न्हवं? मंग तिनं क्येलं ह्ये तरी कुनाला ठावं?"

आता माझा पहिला कागद.

कारखान्यात यंत्रं बसवायला दोन गोरे इंजिनिअर आले होते. त्यातल्या एकाची मडम मोठी परोपकारी. तिनं खोल्यांतली मुलं पाहिली, तिला कळवळा आला आणि तिनं आमच्या वेल्फेअरच्या साहेबांना तिच्या देशातलं एक चोपडं दिलं: बालसंगोपन. साहेबांनी ते माझ्याकडं टाकलं. "मराठी करा. सोपं. स्टेन्सिल कापून प्रत्येक खोलीत एक." त्यात बरंच काही चांगलं होतं, पाणी उकळा, नखं कापा. आणि त्यात असंही होतं की बाळाला पोटावर निजवावं. म्हणजे वायू सरतो, दूध उलटलं तर घशात जात नाही आणि डोक्याला मागून चपटेपणा येत नाही. त्या काळी त्यांच्याकडं तसं मानत होते, ते चोपडं लिहिणाऱ्याचाही हेतू वाईट नव्हता. मी ते भाषांतर फार मन लावून केलं. इतकं, की शेवटी पदरचं एक वाक्य घातलं. 'ही शास्त्रीय पद्धत असून अडाणी सुइणींच्या नादी कोणी लागू नये.' वाक्याला ठसका आला म्हणून मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. खाली कंपनीचा गोल शिक्का मारला.

शिक्क्याचं काय सांगावं. आमच्या खोल्यांतून बीड, लातूर, सातारा, कुठून कुठून आलेली माणसं. त्यांना पगार शिक्क्याच्या कागदानं मिळायचा, खोली शिक्क्याच्या कागदानं. रजा, राशन, सगळं त्या गोल शिक्क्याखाली. त्यांनी माझा कागद खळ लावून भिंतीवर चिकटवला. कित्येकांनी देवाच्या तसबिरीशेजारी.

तानूआत्या तिसऱ्याच दिवशी ऑफिसात आली. तिला वाचता येत नव्हतं. कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "वाच."

मी वाचला. शेवटचं वाक्य गाळून वाचला. शिपाई खोडसाळ, तो म्हणाला, "भाऊसाहेब, एक ओळ राहिली." ती पण वाचली.

ती रागावली नाही. "ह्यी कुठल्या गावची सुईन?" तिनं विचारलं.

"विलायतेकडची. तिकडे मोठमोठे डॉक्टर आहेत, आत्या."

"आसतील. तितं पोरं कशी निजत्यात, कशावर निजत्यात, म्या बगितलं न्हाई. हितं गोदड्या हायेत. पोर मान उचलाया शिकंपत्तूर त्येचं नाक त्येच्या हातात नसतंय. पालथा पड."

"काय?"

"तू. ह्या टेबलाव. हात मागं धर आन् त्वांड खाली घाल. तुजं धोतर देती नाकाखाली." मागं तीन कारकून, एक शिपाई आणि टाइपिस्ट होता. सगळे तोंड दाबून हसत होते. मी म्हणालो, "आत्या, हे ऑफिस आहे."

"मंग घरी जाऊन पड," असं म्हणून ती गेली. मी घरी जाऊन पडलो नाही. पडलो असतो तर चार श्वासांत कळलं असतं. माझी मुलगी त्या दिवशीही चटईवर उताणीच झोपली होती. बायकोला मी कागद दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आत्याला विचारल्याशिवाय मी तिला हलवायची नाही." आणि मी म्हणालो, "बरं." म्हणजे ज्या सल्ल्यासाठी मी दोन रांगांच्या भिंती भरवल्या तो माझ्या स्वतःच्या घरात मानला जात नव्हता, आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. गंमतच वाटत होती.

गणपत फिटर लातूरकडचा. सातवी शिकलेला, त्यामुळं रांगेत विद्वान. त्याची बायको कौसल्या अठरा-एकोणीस वर्षांची, निरक्षर, नवऱ्याच्या शिक्षणाचा तिला कोण अभिमान. त्यांचा मुलगा तीन महिन्यांचा झाला होता. गणपतनं तिला माझा कागद बोट ठेवून वाचून दाखवला होता आणि ती त्याबरहुकूम करत होती. एका दुपारी, पहिली पाळी सुटायला थोडा अवकाश होता, शॉपमध्ये गणपतला घरून बोलावणं आलं. वेल्फेअरचा माणूस म्हणून मी त्याच्याबरोबर धावलो.

खोलीत बायका दाटल्या होत्या. कौसल्या भिंतीला टेकून बसली होती, मूल तिच्या मांडीवर, आणि ती त्याला हलवत नव्हती, थोपटत नव्हती, नुसती धरून होती. गणपतची आई गावाहून आलेली होती. ती कपाळ बडवत विचारत होती, "कामून निजविलंस गं पालथं? कामून? आमच्याकडं कुनी निजवितंय का असं? माजं लेकरू खाल्लंस गं!"

 कौसल्यानं हात उचलून भिंतीकडं बोट केलं. हात तसाच धरून ठेवला. कुणी तिकडं बघितलं नाही. सगळे मुलाकडं बघत होते. तिच्या बोटासमोर तसबीर होती आणि तसबिरीशेजारी माझा गोल शिक्का. ते मी एकट्यानं पाहिलं.

ऑफिसात फॉर्म भरायचा होता. कारणाचा रकाना होता. साहेब म्हणाले, "काही तरी लिहा, रिकामा ठेवू नका." मी लिहिलं: 'मातेची हयगय.' दोन शब्द. त्या दिवशी अक्षर चांगलं आलं होतं.

तिसऱ्या दिवशी तानूआत्या तिच्या पट्ट्या घेऊन कौसल्याकडं गेली. तिथून तडक माझ्याकडं. हातात भिंतीवरून सोललेला कागद, मागं चुन्याचे पोपडे लागलेले.

"ह्यो तुजाच न्हवं?"

"कंपनीचा आहे, आत्या."

"कंपनीला लिवाया हात असत्यात व्हय?" तिनं कागद टेबलावर ठेवला. "सासू तिला परवा बापाकडं धाडनार हाय. परत आनायची न्हाई म्हनती, लेकाचं दुसरं करनार. त्यो गडी आईम्होरं गप हाय. त्या पोरीनं आपल्या मनानं क्येलं न्हाई, येवढं तू त्येला सांग. बाकी काय सांगू नगंस."

"त्याला ठाऊकच आहे. त्यानंच तर वाचून दाखवलं."

"ठावं असनं येगळं. त्यो सवताला इचारत असंल, वाचनारा म्या, मंग म्याच मारलं का? त्येच्यापरीस बायकूवर ढकलनं सोपं. तू म्होरं हो. म्हंजी त्या दोगांस्नी एकमेकांचं त्वांड बगता यील."

"माझी नोकरी जाईल, आत्या."

"जाईल," ती म्हणाली. आणि कागद तिथंच टेबलावर सोडून निघाली.

कौसल्या बापाकडं गेली त्या दिवशी मला ताप आला. थर्मामीटरला तो कळला नाही, पण मी चार दिवस अंथरुणातून उठलो नाही. पाचव्या दिवशी कामावर गेलो तर फाटकाबाहेर, निंबाखाली तानूआत्या बसलेली. पहिल्या पाळीच्या वेळेला आली होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारपर्यंत बसली, नदी ओलांडून गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कामगार विचारायचे, "आत्या, कुनाची वाट बगताय?"

"कारकुनाचा ताप उतरायची."

असे आठ दिवस. नवव्या दिवशी मी दुसरा कागद लिहिला. पहिल्याइतका सुबक नव्हता. आधी मी त्यात 'तज्ज्ञांच्या मतभेदास्तव' वगैरे घातलं होतं. मग ते खोडलं. साहेबांकडं शिक्क्यासाठी नेला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय का हे काय लिहिलंय? कंपनी असला शिक्का मारणार नाही. आणि तुम्ही हे वाटलंत तर मी तुम्हाला ओळखत नाही."

शिक्का नसलेला कागद कुणी भिंतीला लावणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून पाळी बदलताना, एक पाळी बाहेर आणि एक आत अशी फाटकात गर्दी झाल्यावर, मी एका रिकाम्या तेलाच्या पिंपावर चढलो. पिंप डुगडुगत होतं. लोकांना वाटलं भाऊसाहेब काही तरी गमतीचं सांगणार. दोघं-तिघं आधीच हसायला लागले. त्यांचा दोष नाही, मी एरवी तेच करत असे.

मी वाचलं. मुलाला पोटावर निजवा हे मी लिहिलं. ते आता मागं घेतो. उताणं निजवा, पातळ आणि ताठ अंथरुणावर, तोंडाभोवती उशी-गोधडी नको, खोलीत धूर नको. सुइणींना अडाणी म्हटलं ते माझ्या पदरचं होतं. गणपत फिटरच्या बायकोनं कागदात होतं तेच केलं. मूल का गेलं हे मला माहीत नाही, कुणालाच नाही, पण फॉर्मवर मातेची हयगय असं मी लिहिलं ते खोटं आहे.

कुणी हसत नव्हतं. गणपत पुढंच होता, हातात जेवणाचा रिकामा डबा.  त्यानं एकच विचारलं.

"भाऊसाहेब, तुमची लेक कशी निजत हुती?"

मी तेव्हाही खोटं बोललो असतो. जिभेवर आलंच होतं. पण तानूआत्या निंबाखालून उठून फाटकाच्या गजाला धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

"उताणी," मी म्हणालो.

गणपतनं मान हलवली. मारलं नाही, शिवी दिली नाही. गर्दीतून वाट काढत बाहेर पडला आणि तानूआत्यासमोर जाऊन उभा राहिला. ती त्याला एवढंच म्हणाली, "जा, तिला घिऊन ये." दुसऱ्या दिवशी त्यानं रजेचा अर्ज दिला.

माझी नोकरी गेली नाही. मला वेल्फेअरमधून काढून भांडारात टाकलं. तिथं नट-बोल्ट होते. त्यांना मी काही सल्ला देऊ शकत नव्हतो. साहेबांनी हे फार विचारानं केलं असावं.

कौसल्या परत आली दीड महिन्यानं. सासू गावीच राहिली. नळावर कौसल्या भेटली तर मी दुसरीकडं बघायचो आणि ती सरळ माझ्याकडं बघायची, रागानं नाही, जणू मी काही तरी सांगता सांगता थांबलोय आणि पुढचं ती ऐकायला उभी आहे. 

एकदा मी तानूआत्याला नदीवर गाठून विचारलं. "आत्या, खरं सांग. माझ्या कागदानंच गेलं ना ते?"

ती पाण्यात उभी होती, काष्टा खोचत. "न्हाई सांगता येत. उतानी निजल्याली बी गेल्यात माज्या हातची. त्वांड उगडं हुतं, धूर नव्हता, सगळं नीट हुतं. तरी बी गेली. दोन. त्यांची नावं पन ठिवली नव्हती अजून."

"मग निदान माझ्यामुळं नाही, असं म्हण."

"त्ये बी न्हाई म्हनायची." आणि पाण्यातून पलीकडं चालू लागली.

पुढं फार वर्षांनी, माझ्या नातीच्या वेळी, पुण्यातल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं: बाळ नेहमी पाठीवर झोपवा, सपाट टणक गादीवर, तुमच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर; उशी, रग, मऊ खेळणी जवळ नकोत, फार गुंडाळू नका, घरात कुणी विडी-सिगरेट ओढू नका. पोटावर झोपवण्याचा सल्ला जगभर दिला गेला होता आणि तो चुकीचा होता, असंही म्हणाल्या. आणि एवढं सगळं करूनही एखादं बाळ जातं, त्यात आईचा दोष नसतो, कारण अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही. मुलगी वहीत लिहून घेत होती. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. मुलीला वाटलं, बाबांना दवाखान्याचा वास सहन होत नाही.

तानूआत्या कौसल्याच्या दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या हिवाळ्यात गेली. पिंपळे गुरवात, तिच्या पुतण्याच्या घरी. मला भांडारात दोन दिवस उशिरा कळलं. शेवटची दिसली ती त्याआधी महिनाभर.

कौसल्याला मुलगी झाली होती आणि कौसल्या झोपत नव्हती. मूल झोपलं की ही त्याच्या शेजारी उकिडवी बसायची, डोळे त्याच्या पोटावर लावून, वर-खाली होतंय का बघत. रात्री गणपत आणि ती पाळी लावायचे, पण गणपतची पाळी असली तरी हिचा डोळा लागायचा नाही. अंगावरचं मांस उतरलं होतं. माझी बायको एकदा बघून आली आणि म्हणाली, "ती बाई अशानं राहायची नाही." तेव्हापासून तानूआत्या दररोज दुपारी नदी ओलांडून यायची, नावेनं, कारण तोवर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि पाण्याचा ठाव तिला दिसत नव्हता.

मी बायकोनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा पोहोचवायला गेलो होतो. डबा पोहोचवून पळायचं, असाच बेत. दार उघडं होतं. आत कौसल्या जमिनीवर पसरली होती, एक हात डोक्यावर, तोंड अर्धवट उघडं, घोरत होती म्हटलं तरी चालेल. तिच्यापासून हातभर अंतरावर जुनेरावर मुलगी, उताणी. आणि दोघींच्या मध्ये तानूआत्या, पाय लांब करून. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, म्हणून तिनं डाव्या हाताचा तळवा त्या मुलीच्या पोटावर नुसता टेकवून ठेवला होता. भार नाही, हलवणं नाही. तळहात मुलीच्या श्वासाबरोबर किंचित वर जायचा, खाली यायचा.

माझी सावली दारात पडली असावी. तिनं मान वळवली.

"कोन?"

"मी. कारकून."

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा." मग थोडं थांबून, "डबा हाय व्हय? ठिव तितं उंबऱ्याव. आन् जा."

मी डबा ठेवला. गेलो मात्र नाही लगेच. तेवढ्यात मागच्या रुळांवरून मालगाडी आली, लांबलचक, आणि सगळ्या पत्र्याच्या खोल्या थरथरायला लागल्या. मांडणीवरची भांडी वाजली. मी श्वास धरून कौसल्याकडं बघत होतो. तिनं कूस बदलली, काही तरी पुटपुटली, आणि झोपली.